सेवेच्या नोंदीत राहून गेलेली पदके मिळवण्यासाठी : पुण्यातील माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना मार्गदर्शन

निवृत्त होऊन वीस-तीस वर्षे झाल्यावर एखाद्या माजी सैनिकाच्या लक्षात येते की पलटणीतल्या बरोबरीच्या जवानांच्या छातीवर जे पदक आहे, ते आपल्याकडे नाही, आणि डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवा-पुस्तिकेच्या, पदकांच्या रकान्यातही त्याचा उल्लेख नाही. असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची पहिली मागणी बहुधा "माझे पदक द्या" अशी असते. तिचे उत्तर तितकेच ठरलेले येते : "आपल्या सेवा अभिलेखात या पदकाची नोंद नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही." म्हणून या लेखातील सगळी कृती एकाच क्रमाने चालते. आधी नोंद मागायची, ती तपासायची, चुकली असेल तर दुरुस्त करून घ्यायची, आणि पदक त्यानंतर मागायचे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मोहिमेबद्दल किंवा ठरावीक प्रदेशातील सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकांमुळे निवृत्तिवेतनात वाढ होत नाही. मासिक भत्ता असतो तो शौर्य पदकांना. त्यामुळे "पदक लागले की पेन्शन वाढेल" असे सांगून कोणी कागदपत्रे आणि पैसे मागत असेल, तर त्याला दोन्ही देऊ नयेत.

नेमके काय राहिले आहे, ते आधी ठरवा

वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींत तीन निरनिराळी प्रकरणे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. पहिल्या प्रकारात पात्रता असूनही पदकाची नोंदच झालेली नसते. दुसऱ्या प्रकारात नोंद झालेली असते, पण प्रत्यक्ष पदक हाती पडलेले नसते. पदके कोलकात्याच्या टांकसाळीत घडवली जातात, ती तयार होऊन युनिटपर्यंत पोहोचेपर्यंत जवानाची बदली किंवा निवृत्ती झालेली असते, आणि पदक मागेच राहते. तिसऱ्या प्रकारात पदक मिळालेले असते आणि पुढे घर बदलताना, चोरीत किंवा पुरात गेलेले असते. तिसऱ्या प्रकारात नोंदीची दुरुस्ती लागत नाही. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून, तिची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून पदकाची दुसरी प्रत मागायची असते. दुसऱ्या प्रकारात नोंदीचा हवाला देऊन वितरण मागायचे असते. खरी खटपट पहिल्या प्रकारात आहे आणि या लेखाचा भर तिच्यावरच आहे.

शौर्य पदकांचा विषय यापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा. सेना मेडल, वीर चक्र यांसारखे सन्मान शिफारस, मंजुरी आणि भारताच्या राजपत्रातील अधिसूचना या मार्गाने येतात. "साहेबांनी माझे नाव पाठवले होते" हे खरे असले, तरी मंजुरी मिळालेली नसेल तर नोंद दुरुस्त करून ते पदक मिळत नाही. लष्करप्रमुखांचे प्रशंसापत्र, म्हणजे ज्याला सारे जण कमेंडेशन कार्ड म्हणतात, तेही पदक नव्हे. उलट मोहिमेची आणि सेवेची पदके पात्रतेवर मिळतात : ठरवून दिलेल्या काळात, ठरवून दिलेल्या क्षेत्रात, ठरवून दिलेले दिवस आपण होतात, एवढे सिद्ध झाले की पुरे. तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, आणि म्हणूनच तिथे दुरुस्ती मागण्यात अर्थ आहे.

पदकाचे नाव नेमके लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण एकाच युद्धाची दोन-तीन पदके असतात. १९६५ च्या युद्धासाठी प्रत्यक्ष रणक्षेत्रातील सेवेबद्दल समर सेवा स्टार आहे आणि रक्षा मेडल त्याहून व्यापक आहे. १९७१ साठी पूर्व आघाडीचा पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार आणि त्याखेरीज संग्राम मेडल आहे. १९९९ च्या कारगिल युद्धासाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन आहेत. २००१-०२ च्या सीमेवरील तैनातीसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल आहे. सियाचिन ग्लेशियर मेडल आणि नऊ हजार फुटांवरील सेवेचे हाय अल्टिट्यूड सर्व्हिस मेडल ही दोन्ही वेगळी आहेत. स्वातंत्र्याच्या २५ व्या आणि ५० व्या वर्धापनदिनाची पदके त्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ आणि १५ ऑगस्ट १९९७ रोजी, सेवेत असणाऱ्यांना आहेत, त्यामुळे त्यांचा पुरावा सर्वांत सोपा : भरतीची आणि निवृत्तीची तारीख.

काही वेळा राहिलेले असते ते पदक नव्हे, त्याच्या फितीवर बसणारी पट्टी, म्हणजे क्लास्प. सैन्य सेवा मेडल किंवा जनरल सर्व्हिस मेडल १९४७ एकदा मिळाले की पुढच्या प्रदेशातील सेवेसाठी दुसरे पदक मिळत नाही, फक्त त्या प्रदेशाच्या नावाची पट्टी वाढते. अशा वेळी अर्जात पदक मागितले तर "पदक यापूर्वीच दिले आहे" असे उत्तर येते आणि ते चुकीचेही नसते.

नोंद कशी राहून जाते

हे समजले की पुरावा कोठे शोधायचा हेही समजते. जवानाच्या सेवेतील प्रत्येक घडामोड, म्हणजे बदली, बढती, रजा, विवाह, रुग्णालयात दाखल होणे आणि पदकाची पात्रता, युनिट आपल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध करते; ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवा अभिलेख ठेवणाऱ्या कार्यालयाला, जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, तिची नोंद चढते. यातली पहिली कडी निसटली, म्हणजे पार्ट टू ऑर्डरच निघाली नाही, तर पुढच्या कोणालाही त्या पदकाचा पत्ता लागत नाही.

पात्र जवानांची नामावली मोहिमेनंतर काही महिन्यांनी तयार होते. तोवर जो बदलून गेला, कोर्सवर गेला, जखमी होऊन रुग्णालयात पडला, किंवा मुळातच दुसऱ्या युनिटला तात्पुरता जोडलेला होता, त्याचे नाव कोणत्या युनिटने पाठवायचे हे दोन्हीकडे गृहीत धरले जाते आणि शेवटी कोणीच पाठवत नाही. स्वतःच्या पलटणीबाहेर, दुसऱ्या मुख्यालयात किंवा आस्थापनेत काम केलेल्यांच्या बाबतीत हे विशेषेकरून घडते. कारकून, ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलचे जवान यांनी आपली बदलीची तारीख मोहिमेच्या तारखांशेजारी मांडून पाहावी. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

दुसरे कारण क्रमांकाचे आहे. हवालदाराचा नायब सुभेदार, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), झाला की त्याला जेसी क्रमांक मिळतो. जवान असतानाची पात्रता जुन्या क्रमांकावर राहिली आणि शोध नव्या क्रमांकावर झाला, तर "नोंद आढळत नाही" हे उत्तर प्रामाणिकपणे दिले जाते. त्यामुळे जेसीओ पदावरून निवृत्त झालेल्यांनी अर्जात दोन्ही क्रमांक लिहिलेच पाहिजेत.

तिसरे कारण आपल्या नावांचे. मराठी नाव इंग्रजी टंकलेखनात कधी आडनाव आधी, कधी वडिलांचे नाव गाळून, कधी भलत्याच स्पेलिंगने उतरते. जितकी रूपे कागदोपत्री आहेत, तितकी सगळी अर्जात द्यावीत. मात्र आधार कार्डाशी किंवा निवृत्तिवेतनाच्या स्पर्श या ऑनलाइन प्रणालीतील नावाशी मेळ घालण्याची मागणी या अर्जात मिसळू नये. ते काम वेगळे आहे आणि वेगळ्या टेबलावर जाते. एका अर्जात दोन मागण्या केल्या की सोपी तेवढी निकाली निघते आणि फाइल बंद होते.

घरातल्या ट्रंकेतून काय काढायचे

सर्वांत आधी डिस्चार्ज बुक. त्यातील सेवेचा तपशील, पदकांचा रकाना आणि निवृत्तीच्या वेळचे युनिट ही तीन पाने नीट वाचा आणि त्यांच्या स्वच्छ छायाप्रती काढा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने कोठेही पाठवू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यासोबत पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि माजी सैनिक ओळखपत्र लागते.

त्यानंतर त्या काळात त्या ठिकाणी असल्याचा पुरावा. मूव्हमेंट ऑर्डर, रजेचे प्रमाणपत्र, लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कागद, मागच्या बाजूला तारीख लिहिलेला पलटणीचा फोटो, यांतले काहीही चालते. एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही : जवानाने घरी धाडलेली अंतर्देशीय पत्रे. पत्त्यातील ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) यावरून फारसे कळत नाही, कारण त्या एका आकड्याखाली मोठा मुलूख येतो. पण पत्रावरच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. ते टपाल कार्यालय त्या तारखेला कोणत्या क्षेत्रात होते हे लष्कराला शोधता येते. शिक्का पुसट असेल तर पत्र खिडकीशी तिरपे धरून मोबाइलने फोटो घ्यावा. शाई उडालेली असली तरी कागदावरचा दाब पुष्कळदा दिसतो.

बरोबरच्या जवानांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात, पण त्यांचे वजन ती कोण देतो यावर ठरते. ज्याला तेच पदक त्याच कंपनीत, त्याच काळासाठी मिळाले आहे, त्याने स्वतःच्या क्रमांकासह आणि आपल्या पदकाच्या नोंदीच्या छायाप्रतीसह दिलेले एक प्रतिज्ञापत्र हे नुसत्या ओळखीच्या पाच जणांच्या सह्यांपेक्षा भारी ठरते.

अर्ज कोणाकडे करायचा

पुण्यात लष्कराची कार्यालये पावलोपावली असल्याने पुणेकर माजी सैनिकाची पायपीटही जास्त होते. सदर्न कमांडच्या मुख्यालयात जवानांचे शीट रोल नसतात. गोळीबार मैदानाजवळचे पीसीडीए(ओ) कार्यालय अधिकाऱ्यांच्या वेतनाचे आहे, पदकांशी त्याचा संबंध नाही. जवान आणि जेसीओ यांचे अभिलेख त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, मग ते गाव कितीही लांब असो. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या त्या गटाचे, लोक या बाबतीत नशीबवान, कारण त्यांचे रेकॉर्ड ऑफिस खडकीतच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री यांचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या कोअरचे) सिकंदराबादला आहे. निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये दुसरी सेवा केलेल्यांनी ध्यानात घ्यावे की कन्नूरचे डीएससी रेकॉर्ड्स दुसऱ्या सेवेपुरते आहे. पहिल्या सेवेतील पदकासाठी मूळ रेजिमेंटकडेच जावे लागते.

लष्करी अधिकाऱ्यांचे अभिलेख दिल्लीत, ॲडज्युटंट जनरल शाखेच्या मनुष्यबळ संचालनालयाकडे असतात. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्स, आणि वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात, "ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स" यांच्या नावे लिहावा. पराक्रमाची हकिगत, झालेला अन्याय, आणि आपल्यानंतर भरती झालेल्याला पदक कसे मिळाले, हे सारे खरे असले तरी अर्जात नको. टेबलावरच्या कारकुनाला तीन गोष्टी हव्या असतात : माणूस कोण, पदक कोणते, आणि कोणत्या तारखांना कोणत्या युनिटसोबत तो कोठे होता. मजकुराचा गाभा असा ठेवता येईल :

"मी (क्रमांक, असल्यास जेसी क्रमांक, हुद्दा, नाव) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक युनिटमध्ये, अमुक क्षेत्रात सेवेत होतो. या काळातील सेवेसाठी मी अमुक पदकास पात्र आहे असे मला वाटते, परंतु माझ्या डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. कृपया माझ्या शीट रोलवरील पदकांची नोंद आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख कळवावी. अशी ऑर्डर निघालेली नसल्यास, सोबतच्या कागदपत्रांच्या आधारे माझ्या युनिटकडून पात्रतेची पडताळणी करून घ्यावी, नोंद दुरुस्त करावी आणि त्यानंतर पदकाचे वितरण करावे."

यातले "युनिटकडून पडताळणी करून घ्यावी" हे वाक्य गाळू नये. रेकॉर्ड ऑफिस आपणहून पात्रता ठरवत नाही, ते आलेली नोंद चढवते. युनिटकडे विचारणा जाण्यासाठी ती विनंती अर्जातच असलेली बरी. आपली पलटण आज कोठे आहे हे ठाऊक असेल, तर अर्जाची एक प्रत थेट तिच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावी. पलटणीला आपल्या जुन्या माणसांबद्दल आस्था असते, आणि तिथल्या सुभेदार मेजर साहेबांशी नीट बोलणे झाले की रखडलेला कागद हलतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

जवान हयात नसल्यास पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ आणि ओळखपत्र त्यासोबत जोडावे. वहिनींना किंवा आजींना युनिटच्या तारखा आठवतीलच असे नाही, म्हणून वारसांनी पहिल्या अर्जात फक्त सेवेचा तपशील आणि पदकांची नोंद मागावी, आणि ती हाती आल्यावर दुसरा अर्ज करावा.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, पावती आणि अर्जाची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी. पुढच्या प्रत्येक पत्रात मागच्या पत्राची तारीख आणि त्यांच्या उत्तराचा जावक क्रमांक द्यावा.

उत्तर आले नाही किंवा नकार आला तर

दोन-तीन महिन्यांत काहीच कळले नाही, तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आहे, अर्ज केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून करता येतो, आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. इथे एक मर्यादा ओळखून चालावे. या कायद्याने अस्तित्वात असलेला कागद मिळतो, चुकलेला कागद दुरुस्त होत नाही. त्यामुळे "मला पदक का दिले नाही" असे विचारू नये. "माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत द्यावी", "अमुक मोहिमेच्या पदकासाठी अमुक युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरमधील माझ्या नावाचा उतारा द्यावा", "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी", असे मागावे. दुसऱ्या जवानांची नावे असलेली अख्खी यादी मागितली तर खासगी माहितीच्या कारणाने नकार येतो आणि महिना वाया जातो.

काही जणांना "अभिलेख नष्ट करण्यात आले आहेत" असे कळवले जाते. निवृत्तिवेतन नसलेल्या जवानांचे सेवा अभिलेख २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, त्यामुळे हे उत्तर खोटे असेलच असे नाही. पण लाँग रोल नावाची नोंदवही जपून ठेवलेली असते आणि तिच्यात जवानाचा थोडक्यात तपशील असतो. तेव्हा लाँग रोलचा उतारा मागावा. अशा प्रकरणात घरचे डिस्चार्ज बुक हाच मुख्य पुरावा ठरतो, आणि ते जीर्ण झाले असेल तर आजच त्याचे प्रत्येक पान स्कॅन करून ठेवावे.

या टप्प्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालयही पुण्यातच, घोरपडीत राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर आहे. ही कार्यालये पदक देत नाहीत, पण त्यांच्या पत्रासह गेलेला अर्ज रेकॉर्ड ऑफिसात निराळ्या वहीत चढतो आणि त्याचा पाठपुरावा करता येतो. केंद्राच्या सीपीग्राम्स तक्रार प्रणालीवर माजी सैनिक कल्याण विभागाकडे तक्रार नोंदवण्याचाही मार्ग आहे. तिथे "संबंधित कार्यालयास कळवले" एवढ्यावर तक्रार बंद झाली, तर अपील करण्याचा पर्याय असतो, तो सोडू नये.

शेवटचा मार्ग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्यानुसार ते स्थापन झाले, आणि महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबई खंडपीठापुढे चालतात. तिथे जाण्यापूर्वी खात्याकडे रीतसर निवेदन दिलेले असावे लागते. त्यावर लेखी नकार आला, तर नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदनावर सहा महिने काहीच निर्णय आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत करता येतो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करण्याची विनंती करता येते. वकील न देता स्वतःही बाजू मांडता येते. माझे मत विचाराल तर निव्वळ सेवा पदकासाठी न्यायाधिकरणात जाण्याआधी पलटण, रेकॉर्ड ऑफिस आणि माहिती अधिकार हे तिन्ही दरवाजे पुरते ठोठावावेत, कारण न्यायाधिकरणासमोरही प्रश्न तोच येणार आहे : त्या तारखांना तुम्ही तिथे होतात याचा कागद कोठे आहे?

पदक हाती आल्यावर

कॅम्पातल्या किंवा खडकी बाजारातल्या दुकानात मिळणारे पदक आणि सरकारने दिलेले पदक यांत फरक असतो तो कडेवर. अधिकृत पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, आणि स्टार असेल तर ते मागच्या बाजूला असते. पाकीट उघडल्याबरोबर भिंगाने हा मजकूर वाचून आपल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. अंक चुकला असेल तर पदक तसेच ठेवून, त्याचा फोटो जोडून, लगेच लेखी कळवावे. त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लेखी मागून घ्यावी, डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद अधिकृत सही-शिक्क्यानिशी करून मिळण्याची विनंती करावी, आणि ती होईपर्यंत ते पत्र डिस्चार्ज बुकातच, पदकांच्या पानाशी लावून ठेवावे.